ठिपक्यासमोर ठिपका

एक

शुक्रवारी दुपारच्या तासाला सिंधूबाई बापट नववीच्या मुलींना लोहचुंबक समजावून सांगत होत्या. तेवढ्यात वर्गाच्या दारात शाळेचा शिपाई येऊन उभा राहिला, आणि त्याच्या मागे एक पोलीस. चाळीस मुलींच्या माना दाराकडे वळल्या.

बाई हातातला चुंबक टेबलावर ठेवून बाहेर व्हरांड्यात आल्या.

"रेडू दुरुस्त करनाऱ्या बाई तुमीच काय?" पोलिसानं विचारलं.

"हो. पण तो माझा धंदा नाही. आवड आहे म्हणून करते."

"अकोल्याच्या खुशालराव गावंड्याइचा रेडू तुमीच केल्ता ना?"

"केला होता. माघात. का? पुन्हा बंद पडला का?"

पोलिसानं टोपी काढून कपाळ पुसलं. "रेडू नाई बंद पडला, बाई. खुशालराव गेले. काल सकाळी आंघोळ करून आले, रेडूच्या बटनाले हात लावला आन् जागच्या जागी चिटकले."

सिंधूबाईंनी व्हरांड्याचा खांब धरला. पोलीस पुढे बरंच बोलत होता. त्यांच्या कानात फक्त तुकडे पडत होते. निष्काळजीपणा. दुरुस्ती करणाऱ्याची जबाबदारी. शनिवारी दोन वाजता अकोल्याला, मयताच्या घरी, फौजदार इंगळ्यांच्या समोर हजर व्हायचं. त्यांनी कागदावर सही केली तेव्हा आपलंच नाव त्यांना परक्याचं वाटलं.

सिंधूबाईंचं वय तेव्हा अडतीस. वडील तारखात्यात होते. त्यांनी मुलीला भातुकलीच्या वयात तारा जोडायला डाग द्यायची सळई हातात दिली. वडील गेले, बाईंचं लग्न राहून गेलं, पण सळई सुटली नाही. राजापेठेतल्या त्यांच्या माडीवरच्या खोलीत सदा दोन-तीन उघडे रेडिओ पडलेले असायचे. कुणाचा खरखरतो, कुणाचा नुसता गुरगुरतो. बाई कुणाकडून पैसा घेत नसत. मुका सेट बोलता झाला की त्यांचा जीव सुखावायचा, तेवढंच.

खुशालराव आपला सेट गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आले होते. साठीचे, उंचेपुरे, मोठ्या शेतीचे धनी. पण खोलीत खाली सतरंजीवर बसून तीन तास एखाद्या पोरासारखे बघत राहिले.

"तुमाले भेव नाई वाटत ह्याचं?" त्यांनी विचारलं होतं.

"वाटतं. म्हणून तर हात शाबूत आहेत," बाई म्हणाल्या होत्या.

आणि भिण्यासारखा तो सेट होताच. त्याच्या जातीच्या रेडिओंना ट्रान्सफॉर्मर नसतो. आतला लोखंडी सांगाडा विजेच्या एका तारेला थेट जोडलेला असतो. ती तार थंड, म्हणजे झटका न देणारी, असेल तर काही बिघडत नाही. पिन उलटी बसली आणि गरम तार त्या बाजूला आली, तर सगळा सांगाडा विजेनं जिवंत होतो. मग बटणाच्या आतला बारीक स्क्रूसुद्धा माणूस मारू शकतो.

बाईंना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बटणांच्या स्क्रूंवर मेण भरलं. म्हणून त्या मुद्दाम अकोल्याला गेल्या, सॉकेट तपासलं, आणि थंड तारेच्या भोकावर लाल रंगाचा ठिपका दिला, पिनेवरही दिला. ठिपक्यासमोर ठिपका, असं खुशालरावांकडून तीनदा वदवून घेतलं.

एवढं करूनही माणूस मेला होता.

दोन

संध्याकाळी बाई दिवा न लावता बसून होत्या. स्विचला हात लावायचं धाडसच होईना. त्यांच्याजवळ राहणारी गोदावरीआत्या स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली.

बाई एकच गोष्ट परत परत आठवत होत्या. मेण भरलं होतं ना? दोन बटणं, दोन स्क्रू. मेणबत्तीचा थेंब पाडून बोटानं दाबला होता. की तो दुसऱ्या कुणाच्या सेटला? सॉकेट तपासलं तेव्हा टेस्टरमधला लाल कण कोणत्या भोकात पेटला होता? उजव्या. नक्की उजव्या? जितकं आठवावं तितकं ते हातातून निसटत होतं.

जिन्यावर पावलं वाजली. वर आला तो तिशीचा एक तरुण होता. डोळे सुजलेले, सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली.

"मी देवीदास. खुशालरावांचा पुतन्या," तो म्हणाला. "तुमी घरी आल्त्या तवा तुमचा झोला मीच धरला होता."

बाईंना तो आठवला. आईबाप लहानपणीच गेलेले; खुशालराव आणि त्यांची बायको मनकर्णाबाई यांना मूलबाळ नव्हतं, त्यांनीच त्याला वाढवलेला. आधी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगात विजेच्या मोटारींवर देखरेख करायचा. जिनिंग जळाल्यापासून मूर्तिजापूरच्या जिनिंगात होता.

"बसा," बाई कशाबशा म्हणाल्या. "मी काय बोलू? मला तुमच्याकडे बघवत नाही."

"नका असं म्हनू. मी शिव्या द्याले नाई आलो." त्याचा आवाज मऊ होता. "मी तं बुधवारीच दुपारच्या गाडीनं मूर्तिजापूरले गेल्तो. बेस्तरवारी सकाळी तार आली तवा मले समजलं. घरी पोचलो तं काका खाली निजवलेले. आता जे झालं ते झालं. पन तुमची नोकरी हाये, इज्जत हाये. मी फौजदाराशी बोलून राहिलो."

त्यानं खिशातून कोरा कागद काढला.

"तुमचं बाकी सारं बरोबर होतं, बाई. ठिपका ठिपक्यासमोरच होता, त्यात तुमची चूक नाई. फक्त स्क्रूवर मेन लावाचं राह्यलं. तेवढं लिहून द्या. चूक मानसाच्यानं होते. आमी घरचे म्हनू, आमची तक्रार नाई. प्रकरन इथंच मिटते."

बाईंनी टाक उचलला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी सांगत होतं की काय चुकलं, आणि ते चुकलं म्हणून मान्य केलं की भीती संपणार होती. त्यांनी तारीख घातली. 'मी खाली सही करणार' एवढं लिहिलंही.

मग हात थांबला.

"उद्या मी येतेच आहे," त्या म्हणाल्या. "एकदा माझ्या डोळ्यांनी सेट बघते. मग तिथंच लिहून देते."

देवीदास हसला नाही, रागावलाही नाही. कागद त्यानं टेबलावरच राहू दिला. "पाहून काय भेटनार हाये, बाई?" तो उठत म्हणाला. "मेलेला मानूस काही उठत नाई. आन् त्या सेटले पुन्हा हात लावसान तं... जपून."

तीन

शनिवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं बाई निघाल्या आणि दहाच्या सुमाराला गावंड्यांच्या दारात उभ्या राहिल्या. फौजदार यायला चार तास होते. मुद्दामच त्या लवकर आल्या होत्या.

ओसरीवर खुशालरावांचा धाकटा भाऊ जानराव बसला होता. त्यानं बाईंना ओळखलं आणि ताडकन उठला.

"तुमी? तुमी कोन्या तोंडानं आल्या वो? माह्या भावाले खाल्लं तुमी!"

"जानरावजी, मला सेट बघू द्या. मग हवं ते बोला."

"काय पाहाचं राह्यलं आता? बायाइनं पोयपाट पाहाव, बिजलीशी खेळू नाई!"

आतून एक थकलेला आवाज आला. "येऊ द्या तिले."

मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्यांनी सिंधूबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. जणू त्या स्वतःच कशाला तरी घाबरून बसल्या होत्या.

"पाह्यजा, बाई," त्या म्हणाल्या. "नीट पाह्यजा. त्याइनं तुमच्यावर लई इश्वास ठेवला होता. रोज बटन दाबाच्या आधी वाकून ठिपका पाहात. मी हासो त्याइले."

खोलीत फरशी गार होती. टेबलावर सेट, त्यावर पोलिसांनी टाकलेली चादर. पिन काढलेली होती, वायर खाली लोंबत होती. बाईंनी चादर उचलली आणि आवाजाच्या बटणाजवळ डोळे नेले.

मेण नव्हतं.

 पण भोकाच्या कडेला मेणाचा पांढुरका पापुद्रा अजून चिकटलेला होता, आणि त्यावर बारीक, सरळ ओरखडे होते. मेण भरलं होतं. कुणीतरी ते टोकदार हत्यारानं कोरून काढलं होतं. एवढंच नाही. बारीक स्क्रू दोन-तीन आटे बाहेर आलेला होता, बटण फिरवणाऱ्या बोटाला बरोबर लागेल असा.

 पण नुसत्या स्क्रूनं माणूस मरत नाही. पिन बरोबर बसली असेल तर सांगाडा थंडच असायला हवा.

त्यांनी पिशवीतून टेस्टर काढला आणि भिंतीवरच्या सॉकेटशी गेल्या. लाल ठिपका होता तिथंच होता, थंड तारेच्या डाव्या भोकावर. उजव्यात टेस्टर घातला. काही नाही. डाव्यात घातला.

मुठीतला लाल कण पेटला.

लाल ठिपक्याच्या खालीच गरम तार होती. खुशालराव रोज वाकून, ठिपक्यासमोर ठिपका बघून, आपल्याच हातानं सगळा सेट मरणाला जोडत होते. आणि तो ठिपका सिंधूबाईंनी दिलेला होता.

चार

बाईंनी टेस्टर पिशवीत टाकला. मीच चुकले, मीच चुकले, एवढंच डोक्यात घुमत होतं. मग त्यांना वाटलं, मी त्या दिवशीच चुकले असते तर खुशालराव महिनाभर कसे जगले? मेण होतं म्हणून? असेल. पण मेण कोरणाऱ्यानं नुसतं मेण कोरून काय साधलं असतं? सेट जिवंत होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या सॉकेटच्या आणखी जवळ गेल्या. दिवाळीला घर चुन्यानं रंगवलेलं होतं. रंगाऱ्यानं भिंतीबरोबर लाकडी बोर्डही माखून टाकला होता. शेजारच्या स्विचच्या स्क्रूंच्या खाचा चुन्यानं बुजलेल्या होत्या. सॉकेटच्या दोन्ही स्क्रूंवरचा चुना मात्र फुटलेला होता, आणि खाचेत पितळ चकाकत होतं.

माघात आपण सॉकेट उघडलंच नव्हतं. चुना तडकला नाही म्हणून ठिपका किती छान बसला, असं तेव्हा वाटलं होतं. हे त्यांना लख्ख आठवलं, आणि कालपासून पहिल्यांदाच आठवण हातातून निसटली नाही.

सॉकेट उघडून बघायला हवं होतं. बाई व्हरांड्यात आल्या, मेन स्विच खाली पाडला. मग वडिलांच्या शिस्तीप्रमाणे चिनीमातीचे दोन्ही फ्यूजही उपसून कमरेच्या बटव्यात टाकले. "मेन पाडून भागत नाही, सिंधे," ते म्हणायचे. "मेन कुणीही वर करतं. फ्यूज आपल्या कनवटीला."

परत येऊन त्यांनी स्क्रू काढले आणि सॉकेट पुढे ओढलं. मागे दोन तारा होत्या. वर्षानुवर्षं एकाच बाकात राहून ताठ झालेल्या त्या तारा आता एकमेकींवरून फुलीसारख्या ओढून, अदलाबदल करून आवळलेल्या होत्या. टोकं नव्यानं खरडलेली, तांबं लालभडक. जुन्या बाकाच्या खुणा मात्र अजून तशाच होत्या आणि तारा आधी कुठं होत्या ते सांगत होत्या.

म्हणजे मी चुकले नव्हते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एका तारेच्या उघड्या टोकाला बोट लावून बाक तपासला.

तेव्हा व्हरांड्यात खट्ट असा आवाज झाला.

तो आवाज त्या झोपेतही ओळखल्या असत्या. मेन वर केल्याचा आवाज. त्यांचं बोट उघड्या तांब्यावर होतं. ते उचलायचं भानही राहिलं नाही. त्या वाट बघत राहिल्या.

काही झालं नाही. फ्यूज त्यांच्या कमरेला होते.

त्या धावत बाहेर आल्या. मेनचा दांडा वर होता. व्हरांड्यात कुणीच नव्हतं. ओसरीवरची जानरावची जागा रिकामी होती.

पाच

बाई स्वयंपाकघराकडे गेल्या, कारण तिथं माणसाचा आवाज होता. पंचफुला भांडी आवरत होती; या घरात वीस वर्षं कामाला असलेली बाई. सिंधूबाईंचा चेहरा बघून तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"काय झालं वो, बाई? पांढऱ्या फट पडल्या तुमी."

"मेन स्विच कुणी वर केला आत्ता?"

"मले ठाऊक नाई बाप्पा. मी इथंच हाये."

बाई पाटावर बसल्या.  "पंचफुलाबाई, त्या सकाळी तुम्ही घरात होता?"

पंचफुलेनं दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मीच पयले पाह्यलं. मालकाचा हात बटनाले चिटकेल. मी लाटनं घेतलं आन् पिनेले मारलं, एक वार, दोन वार, तवा ते निंघाली. मग मालक पडले."

"पिन तुम्ही काढली? मग जानरावजी, मनकर्णाबाई?"

"ते मांगून आले, आरडाओरडा ऐकून. तवा पिन खालीच पडेल होती. मी कोनाले सांगतलं नाई. म्हनतीन, काहून हात लावला. इचारलं बी नाई कोनं मले."

"पिनेचा ठिपका कुठं होता, पाहिला?"

"मले काय समजते त्यातलं? लाटनं मारत होती, ठिपका कोन पाह्यते!"

 कसलं तरी वाक्य सिंधूबाईंच्या मनात सळसळत होतं, पण सापडत नव्हतं. "बुधवारी," त्यांनी विचारलं, "घरातली वीज मधे गेली होती का?"

"गेली होती व माय! दुपारी तीनच्या टायमाले. जानरावदाजी पंख्याखाली निजले होते, घामानं जागे झाले. मी आली तं माह्यावरच ओरडले, लाईन गेली, पानी आन म्हून."

"तुम्ही कुठून आलात?"

"बाजूच्या गिरनीतून. दळन दळून आनलं ना."

"गिरणी विजेवर चालते?"

"हो ना."

"आणि तीन वाजता चालू होती?"

"चालूच होती. माहंच दळन होतं—" पंचफुला मधेच थांबली. तिच्याही ध्यानात आलं.

गल्लीची लाईन गेली असती तर गिरणी थांबली असती. म्हणजे या घराचा मेन कुणीतरी पाडला होता, सॉकेटच्या तारा बदलण्यासाठी. तीन वाजता घरात जानराव होता, पंख्याखाली झोपलेला. आपणच पंखा बंद पाडून आपणच घामानं जागं होऊन कुणी बोंब मारत नाही. खुशालराव कुठं होते? वकिलाकडे, पंचफुलेनं सांगितलं. मनकर्णाबाई? देवळात, प्रवचनाला. आणि देवीदास दुपारच्या गाडीनं मूर्तिजापूरला गेलेला.

गेलेला?

ते वाक्य एकदम सापडलं. अंधाऱ्या खोलीत, मऊ आवाजात कुणीतरी म्हणालं होतं, 'ठिपका ठिपक्यासमोरच होता, त्यात तुमची चूक नाई.'

पिन पंचफुलेनं लाटण्यानं उडवली, तेव्हा खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. ती कशी बसली होती हे या जगात कुणालाच सांगता आलं नसतं. ज्यानं तारा बदलून ती पुन्हा तशीच बसवली होती, त्याच्याशिवाय.

 बाईंनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला हात लावून, देवीदास उभा होता.

"फ्यूज कुठं हायेत, बाई?" त्यानं विचारलं.

सहा

बाईंनी बटवा दोन्ही हातांनी धरला.  देवीदास एक पाऊल आत आला. तेव्हा पंचफुला उठली, चुलीजवळची फुंकणी हातात घेतली आणि काही न बोलता दोघांच्या मधे उभी राहिली. 

"दोन वाजेपर्यंत इथंच बसू आपन," ती म्हणाली. "सगळेच."

किती वेळ ते तिघं तसे होते ते बाईंना पुढे कधीच सांगता आलं नाही. शेवटी तंबाखू आणायला गेलेला जानराव परतला आणि मागोमाग, वेळेच्या आधीच, फौजदार इंगळ्यांची सायकल दारात लागली.

इंगळे शांत, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी सेट पाहिला, चुना पाहिला, फुलीसारख्या तारा पाहिल्या. मग सगळ्यांना खोलीत बसवलं.

"बाई, तारा बदलल्या हे पटलं," ते म्हणाले. "पन एक सांगा. मारनाऱ्यानं नुसती पिन उलटी केली असती तरी काम झालं असतं. भिंत कशाले उघडली?"

"खुशालराव रोज वाकून ठिपका बघायचे म्हणून," सिंधूबाई म्हणाल्या.  "उलटी पिन त्यांना दिसली असती. शिवाय ठिपके बरोबर दिसले की दोष माझ्यावर यावा, ही सोय होती. हे ज्याला सुचलं त्यानं मला ठिपका देताना पाहिलेलं होतं, आणि त्याला तारांचं काम येत होतं. आता मला एकच विचारायचं आहे. त्या सकाळी पिन कशी बसली होती, कुणी पाहिलं?"

"मी नाई पाह्यलं," जानराव म्हणाला. "मी आलो तवा पिन खाली."

मनकर्णाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मी तं मूर्तिजापूरले होतो," देवीदास म्हणाला.

"मग काल संध्याकाळी माझ्या खोलीत तुम्ही शपथेवर सांगितल्यासारखं कसं सांगितलंत, की ठिपका ठिपक्यासमोर होता?"

"मले... पंचफुलेनं सांगतलं."

"मी?" पंचफुला ओरडली. "मले लेकराची आन हाये, आजपावतर मी तोंड उघडलं नाई! आन् मी ठिपका पाह्यलाच नाई तं सांगू काय?"

 मग जानराव पुतण्याकडे वळला, हळूहळू, जणू मान वळवताना दुखत होतं. "काहून रे?" तो म्हणाला. "दादानं तुह्यं काय वाईट केलं?"

उत्तर भिंतीकडून आलं.

"येत्या सोमवारी त्याइची साक्ष होती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जिनिंगाच्या आगीची."

आदल्या वर्षीची ती आग सगळ्या अकोल्याला ठाऊक होती. दोन बाया आत होरपळून मेल्या, कारण दाराला बाहेरून कडी होती. कडी चौकीदारानं लावली असं ठरवून श्रावण नावाच्या म्हाताऱ्यावर खटला भरला होता.

"साक्षीले जाऊ नोको म्हून मी भांडलो होतो दादाशी," जानराव म्हणाला. "म्हटलं, दुसऱ्याच्या भानगडीत काहून पडता. कडी कोनं लावली ते सांगतलं नाई मले त्यानं."

"मले सांगतलं." मनकर्णाबाईंचा आवाज कोरडा होता. "ते त्या दिवशी कापसाची गाडी घेऊन गेल्ते, त्याइनं डोळ्यानं पाह्यलं. वर्सभर छातीवर धोंडा घेऊन बसले. शेवटी म्हने, श्रावन फासावर जाईन आन् मी रेडूवर भजन ऐकू काय? बुधवारी सकाळी मीच देवीदासले बोलावलं. म्हटलं, काकाचे पाय धर, आपल्या तोंडानं कबूल हो. त्यानं मले सांगतलं, 'काकी, बाया वटीतून कापूस चोरून नेत म्हून मीच कडी लावली. आग लागंन असं काय ठाऊक होतं मले?' लई रडला. मी जेवू घातलं त्याले. मले वाटलं, साक्षीच्या आधी येऊन पाय धरंन."

त्यांनी देवीदासकडे पाहिलं. "तू गाडीनं गेलाच नाईस ना रे?"

देवीदासनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो खाली फरशीवर बसला, अगदी खुशालराव पडले होते तिथं. फौजदारांना त्याला धरावंसुद्धा लागलं नाही.

सात

भीती अशी एका दिवसात जात नाही. सिंधूबाई दोन महिने दिव्याचं बटण लाकडी पट्टीनं दाबत. राजापेठेतले लोक सेट घेऊन यायचे आणि आत्या त्यांना जिन्यातूनच परत पाठवायची. रात्री झोपेत खट्ट आवाज होई आणि बाई उठून बसत.

वैशाखात आगीचा खटला पुन्हा उभा राहिला, तेव्हा मनकर्णाबाईंनी पत्र लिहवून घेतलं: 'मी कोर्टात जानार हाओ. तुमी संगं असाल तं पाय उचलन.' बाई गेल्या.

कोर्टाच्या पायऱ्यांवर जानराव भेटला. त्यानं बाईंना हात जोडले आणि वहिनीला हळूच म्हणाला, "वहिनी, अजून बी मांगं फिरता येते. एका खुनानं तो अडकलाच हाये. ह्या दोन बायांचं कशाले वर टाकता त्याच्यावर?"

"मंग त्या बायाइचं कोन सांगंन?" मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करून आत गेल्या.

आरोपीच्या पिंजऱ्यात म्हातारा श्रावण गज धरून उभा होता. त्याच्यापासून चार हात लांब, दोन पोलिसांच्या मधे, देवीदास. तो वाळला होता. मनकर्णाबाई साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

कारकुनानं नाव, वय, गाव लिहून घेतलं. मग न बघताच विचारलं, "देवीदास गावंडे तुमचा कोण लागतो? दिराचा मुलगा, म्हणजे पुतण्या, असं लिहू?"

मनकर्णाबाईंनी कठड्याची लाकडी पट्टी घट्ट धरली. मागच्या बाकावर बसलेल्या सिंधूबाईंना त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

"दीड वर्साचा होता तवा माह्या वटीत आला," त्या म्हणाल्या. "लेक लिवा. आन् आता मी सांगतो ते सारं लिवा."